टोलेवाले भावजी आणि दौंडची तेलवाळू

अगं ये, अशी जवळ सरक. कागदातून कशी सरकू म्हणशील, पण मनानं तरी सरक. आधी तुला रागवून घेते, मग बोलते. अब्बा गेले हे तू मला आठ महिन्यांनी कळवतेस? तेही चार ओळींत, आणि वर "तुम्हाला त्रास नको म्हणून लवकर कळवलं नाही"? अगं, माझी ऐंशी उलटली म्हणून माझ्यापासून माणसं लपवून ठेवायची का? ज्या माणसाच्या भिंतीला माझी भिंत होती, त्याच्यासाठी रडायलासुद्धा तू मला आठ महिने उशीर केलास. बरं, झालं. कान धरला होता असं समज. सोडला आता.

तू विचारलंस, अब्बांचं दौंडचं काही सांगा. तुम्ही पोरांनी त्यांना पाहिलं ते डोंगरातल्या हिरव्यागार मैदानावर, इस्त्रीच्या कपड्यांत, साहेबलोकांना गोल्फ शिकवताना. त्याच्या आधीचं विचारलं की म्हणे ते हसून विषय बदलायचे. मला ते हसू माहीत आहे. तर मी सांगते. माझी शाळा चौथीतच सुटली. पुढचं जे वाचन झालं ते रेल्वेच्या इन्स्टिट्यूटमधून आमच्या ह्यांनी आणलेल्या जुन्या मासिकांवर. त्यामुळं मागचं पुढं होईल. तू सावरून घे.

रेल्वे कॉलनीतलं पोरसोर तुझ्या अब्बांना टोलेवाले म्हणायचं. आमच्या ह्यांचे ते लोको शेडमधले सोबती, म्हणून माझे भावजी. मी लग्न होऊन दौंडला आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मला ताप भरला. हे ड्युटीवर. मी दारात उभी राहून शेजारच्या क्वार्टरमधल्या ह्या उंच, काटक माणसाला विचारलं, "भावजी, दवाखाना किती लांब आहे?"

त्यांनी एक डोळा मिटला, रस्त्याच्या टोकापर्यंत बघितलं आणि अगदी गंभीरपणे सांगितलं, "मोठ्या लाकडीचे दोन टोले, वैनी, आन् वर सात नंबरचा एक. पर आज वारा समोरनं हाय, तवा सहा नंबर धरा."

तापानं माझं डोकं आधीच जड. मी दार लावून घेतलं आणि संध्याकाळी ह्यांना म्हटलं, शेजारचा माणूस ठीक दिसत नाही. हे पोट धरधरून हसले. म्हणाले, "अगदी बरोबर सांगितलं त्यानं. आपण चालून बघू या." त्यांचं सगळं मोजमाप तसंच, गोल्फच्या काठ्यांवर: सगळ्यात लांब मारायची ती लाकडी, मग नंबरांच्या काठ्या, आणि चेंडू खड्ड्यात, म्हणजे गलीत, लोटायची ती ढकलणी. भाजीबाजार म्हणजे पाच नंबर. स्टेशन म्हणजे एक लाकडी आणि एक ढकलणी. माझ्या पहिल्या मुलाच्या बारशाला त्यांनी पाळण्यावरून नजर टाकली आणि म्हणाले, "दीड वीत हाय. ह्यो गलीत पडलाच म्हणून समजा." ह्याला आशीर्वाद म्हणायचं हे आम्हाला सवयीनं कळलं.

खेळ तुला मी काय शिकवणार, तू त्यातच वाढलीस. पण तुझ्या त्या हिरवळी आमच्याकडं नव्हत्या. कॉलनीच्या पलीकडं, रुळांच्या कडेनं बोरी-बाभळींच्या माळावर गोऱ्या अधिकाऱ्यांनी कधीकाळी नऊ गलींचं मैदान केलेलं. गोट्या खेळायला पोरं करतात तशी गल, फक्त तिच्यात निशाण रोवलेलं. आता दौंडच्या उन्हात गवत कसं टिकणार? म्हणून गलीच्या भोवती वाळू पसरायची आणि वाळू उडू नये म्हणून तिच्यात इंजिनाचं जळकं तेल कालवायचं. काळीभोर, तुपात भिजवलेल्या रव्यासारखी ती तेलवाळू. तिच्यावर माणूस चालला की बुटाचे ठसे उमटायचे. मग चेंडू गलीत ढकलण्याआधी चेंडूपासून गलीपर्यंत गोणपाट ओढून वाट गुळगुळीत करून घ्यायची. गोणपाट हाताशी नसलं तर बुटाच्या तळव्यानं वाळू थापटायची. हा दौंडचा रिवाज. सगळे तसंच करायचे, त्यात लपवाछपवी काही नव्हती.

गोरे साहेब गेले, मैदान राहिलं. भावजी लहानपणापासून त्या साहेबांच्या पिशव्या वाहायचे. जाताना एकानं त्यांना फाटक्या कॅनव्हासच्या पिशवीत पाच काठ्या दिल्या. पाचच. तुमच्या चौदा असतात ना? ह्या माणसानं पाच काठ्यांत चौदांचं काम भागवलं. एकच काठी कधी पुरी फिरवायचे, कधी अर्धी, कधी नुसती मनगटानं. आणि ड्युटी सुटली की एकटे त्या माळावर जाऊन नऊच्या नऊ तेलवाळ्या सारवायचे. शेळ्या हाकलायचे, काटे वेचायचे. हे म्हणायचे, "आपल्या क्वार्टरपुढं कधी झाडू मारला नाही ह्यानं, आणि माळ बघ कसा लख्ख."

मोठे खेळाडू चिमूटभर गवत उडवून वारा बघतात म्हणे. भावजी इंजिनाच्या धुराकडं बघायचे. मालगाडी येईपर्यंत खोळंबून राहायचे. काठी खांद्यावर, नजर सिग्नलकडं. गाडी आली, धूर कलला की म्हणायचे, "हां, आता कळलं." थंडीच्या दिवसांत त्यांचे चेंडू माझ्या चुलीपाशी असायचे. पहाटे भिंतीवर दोनदा टकटक, मग दारातून आवाज, "वैनी, चेंडू शेकलं का?" थंडीत रबर आखडतं आणि चेंडू जागचा हलत नाही असं त्यांचं म्हणणं. एकदा मी घाईत जास्तच जवळ ठेवले आणि एकाचं वरचं कातडं फुगून भजं झालं. मला वाटलं आता हा माणूस रागावणार. तर चेंडू हातात घेऊन फिरवला आणि म्हणाले, "गरीब बिचारं. त्याला जसं सांगावं तसं करतं. सांगणाराच चुकतो." वरून चहा मागितला.

राग त्यांना यायचाच नाही. यायचा, पण ते येऊ द्यायचे नाहीत. "रागाचा टोला बोरीत जातो" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. शेडमध्ये दोघांचं भांडण लागलं तरी तेच, मी भाजी करपवली तरी तेच.

तुझी दादी, भावजींची आई, मात्र रागीट. तिला हा खेळ म्हणजे सवतच. नवरा रेल्वेत वारला, त्याच्या जागी मुलाला नोकरी लागली, डोक्यावर क्वार्टर आहे, पुढं पेन्शन आहे, आणि हा बाबा माळावर चेंडू हुडकत फिरतो. "टोलं मारून कुणाचं प्वाट भरलंय रं?" हे मी भिंतीपलीकडून रोज ऐकायची. भावजींच्या गोणपाटावर ती गहू वाळवायची. ढकलणीनं कोंबड्या हाकायची. पण पांढरा रंग लावलेले चेंडू दिवसभर दोरीला टांगून वाळत असायचे तेव्हा त्यांच्याखाली बसून कावळे हाकणारी पण तीच. विचारलं तर म्हणायची, "मी माझं पापड राखतीया."

एकदा मोठी लाकडी दगडावर बसली आणि तिचं डोकं उभं चिरलं. भावजी दोन दिवस जेवले नाहीत. तसलं लाकूड आपल्याकडं मिळत नाही, परदेशी असतं. मी म्हटलं, आमच्या मांडवगणचा सुतार बाभळीची अख्खी गाडी करतो, त्याला एवढंसं डोकं जमणार नाही होय? मांडवगण फराटा माझं माहेर, भीमेच्या पलीकडं. उन्हाळा होता, नदीला गुडघाभर पाणी. आम्ही तिघं गेलो.

सुतारानं ते चिरलेलं डोकं उलटंपालटं करून बघितलं. "ह्यो कुदळीचा न्हाई, वखराचा न्हाई. मंग हाय तरी काय?"

"मामा, ह्यानं चेंडू मारायचा," भावजी म्हणाले.

"मारून?"

"लांब जातो."

"मंग?"

"मंग आपण चालत त्याच्यापाशी जायाचं."

"आन् मंग?"

"परत मारायचा."

सुतारानं तासायचा वाकस खाली ठेवला. माझ्या वडिलांकडं, आबांकडं वळून हळूच विचारलं, "आबा, पाव्हण्यांच्या घरी कुणी मोठं मानूस हाय का न्हाई?"

पण हात कारागिराचा. बाभळीच्या मुळाचा गाठीचा तुकडा काढला, तासला, मागं शिसं ओतलं. पहिलं डोकं एवढं जड झालं की आबांच्या मोकळ्या रानात भावजींनी काठी फिरवली आणि ती जमिनीत वीतभर रुतली. आबा म्हणाले, "झ्याक. फुकटात नांगरट झाली." दुसरं हलकं झालं. तिसऱ्या वेळी भावजी सुताराच्या शेजारी मांडी घालून बसले आणि डोळे मिटून त्या लाकडावर अंगठा फिरवत "हितनं थोडं, हितनं न्हाई" असं सांगत राहिले. दोन मुकी माणसं बोलावीत तसं ते चाललं होतं. मग मुठीला मी मोटेच्या कातड्याची पातळ पट्टी गुंडाळली, मेणाच्या दोऱ्यानं आवळली. तेव्हापासून पाचही काठ्यांच्या मुठी मीच बांधायची. बोटांना अजून आठवतो तो पीळ.

संध्याकाळी अर्धं गाव बांधावर जमलं. भावजींनी चेंडू ठेवला. काठी मागं गेली, आली. आवाज कसला म्हणशील, सुकं बाभळीचं लाकूड कुऱ्हाडीनं एका घावात फुटावं तसला. चेंडू विहिरीवरून गेला, आंब्यावरून गेला, नदीच्या उतारापर्यंत दिसला आणि मग दिसेना. सुतारच पहिला बोलला. "परत मारा," म्हणाला. त्याला आता खेळ कळला होता.

माळावर एकट्यानं खेळून माणूस किती दिवस काढणार? कॉलनीतल्या एका अँग्लो-इंडियन ड्रायव्हरनं एक दिवस इंग्रजी पेपरचं कात्रण आणलं. पुण्याच्या एका मोठ्या मैदानावर खेळ शिकवायला, काठ्या दुरुस्त करायला हाताखालचा माणूस हवा होता. दोन दिवसांचे सामने, आणि ज्यांना कुठल्याच मैदानावर नोकरी नाही अशांत जो कमीत कमी टोल्यांत संपवेल त्याला घेणार. भावजींनी ते कात्रण घडी करून टोपीत ठेवलं. त्या दिवशी चहा पिताना त्यांनी ते दोनदा बाहेर काढून बघितलं.

"दादा," ते ह्यांना म्हणाले, "शेडमंदी मी काम करतो, आन् माळावर मी आसतो. ह्या दोन्हीचं एकच झालं तर? सकाळी उठून ड्युटीवर जायाचं, आन् ड्युटी म्हंजी हेच."

दादी पलीकडून ओरडली, "आन् क्वार्टर?"

फोरमननं रजा दिली, पण ह्या कामासाठी ही शेवटची असं बजावून दिली.

पुण्याला हे त्यांची पिशवी वाहायला गेले. पहिल्या दिवशी संध्याकाळच्या गाडीनं परत आले तेव्हा सगळं आमच्या ह्यांनीच सांगितलं. तिथं गलीभोवती वाळू नाही, गवत आहे, गालिच्यासारखं. चेंडू टेकवला की पळतो. भावजींनी आयुष्यात पहिल्यांदा तसल्यावर ढकलणी धरली. पहिल्या तीन गलींवर चेंडू पार पलीकडं गेला, मग हात बसला. आणि एक गोष्ट तिथल्या साहेबानं मुद्दाम बोलावून सांगितली होती: गवतावर चेंडूच्या वाटेला हात लावायचा नाही, पाय लावायचा नाही, काही थापटायचं नाही. लावला तर दोन टोले दंड. "दिवसभर मी त्याच्या पायाकडंच बघत होतो," हे म्हणाले. "उजवा पाय सारखा उचलायचा आणि परत ठेवायचा. जसं म्हशीला माशी बसावी."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघीही गेलो. दादी येणार नव्हतीच. पण गाडी सुटायच्या वेळी फलाटावर हजर. काखेत फडक्यात बांधलेला डबा. मी विचारलं काय आहे. म्हणाली, "तुला काय करायचंय?"

शेवटच्या गलीपाशी कडेला झाडाखाली आम्ही उभ्या होतो. छत्र्या घेतलेल्या बायका, पांढऱ्या टोप्यांचे साहेब. भावजी येताना दिसले तेव्हा मला वाटलं हा माणूस आमच्यातला नाहीच, इथलाच आहे, एवढा सैल चालत होता. कातडं मीच बांधलेलं, डोकं आमच्या सुतारानं घडवलेलं, पण तो आमचा नव्हता. ह्यांनी निशाण काढायला जाताना आमच्याकडं बघून एक बोट वर केलं. मला कळलं. बरोबरीचा जो दुसरा होता तो आधीच संपवून बसला होता. हा एक चेंडू ढकलून आत गेला तर भावजी एका टोल्यानं पुढं. जागा त्यांची.

चेंडू चारेक पावलांवर. वाटेत कुणाच्या तरी बुटाचा ठसा असावा, गवत जरा दबलेलं. टोले लिहिणारे साहेब त्या वेळी पाठमोरे होऊन कुणाशी तरी बोलत होते. भावजी वाटेच्या कडेनं चालत गेले, वाकून बघितलं, आणि त्यांचा उजवा पाय उचलला गेला. तळवा अलगद त्या ठशावर टेकला, दोनदा थापटून मागं आला. पंधरा वर्षांच्या सवयीचा पाय होता तो, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की आपण आता दौंडात नाही.

पाय मागं आला आणि ते तसेच थिजले. ह्यांनी निशाण हातात धरलेलं, तोंड पांढरंफटक. भावजींची मान वर झाली ती नेमकी माझ्याकडं. आणि मी मान हलवली. अशी, हळूच. नको. बोलू नका. कुणी बघितलं नाही.

ते खाली वळले. ढकलणी लावली. चेंडू आत गेला. टाळ्या वाजल्या.

दादीला टाळ्या एवढ्याच कळल्या. तिनं फडकं सोडलं. डब्यात बत्तासे. जी बाई वर्षानुवर्षं कोंबड्या हाकत त्या काठीला शिव्या द्यायची, ती पिशव्या वाहणाऱ्या पोरांना, माळ्यांना, एका छत्रीवाल्या मडमेला बत्तासे वाटत सुटली. "माझा ल्योक हाय, घ्या. घ्या की!" आणि मी बघत होते की तिकडं भावजी टोपी काढून त्या साहेबांपाशी उभे आहेत आणि पायाकडं बोट करून काहीतरी सांगताहेत. साहेबांनी दोनदा विचारलं असावं. भावजींनी दोनदा मान हलवली, हो म्हणून. साहेबांनी कागदावर खोडलं आणि वर लिहिलं.

दादीपाशी येऊन ते म्हणाले, "अम्मा, दोन टोलं वाढलं. त्यो दुसरा जितला."

डबा अर्धा रिकामा झाला होता. दादीनं एकदा डब्यात बघितलं, एकदा पोराकडं. मग त्याच्या तोंडात एक बत्तासा कोंबला. "उघडलाय तर खा," म्हणाली. आणि उरलेले त्या जिंकलेल्या माणसाच्या हातात नेऊन दिले.

परतीच्या गाडीत हे रागानं खिडकीबाहेर बघत होते. केडगाव मागं गेल्यावर फुटले. "कुणी बघितलं होतं रे? सांग ना, कुणी?"

"पायाला ठावं हुतं की, दादा."

"पायाला नोकरी हवी होती का तुला?"

"तिथं रोज त्याच पायावर हुबं ऱ्हावं लागलं असतं." मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "वैनी, तुम्ही मान हलवली ती माझ्यासाठीच, मला म्हाईत हाय. म्या बघितली. म्हणूनच आधी चेंडू ढकलला. तुमचा मान ठेवला तेवढा. पुढचं न्हाई जमलं."

पोरी, माझ्या आयुष्यात मला कुणी इतक्या नरमाईनं लाज आणली नाही.

सोमवारी ते शेडमध्ये गेले. चार महिने पिशवी खुंटीवर. तेलवाळ्या वाळून भुऱ्या झाल्या, शेळ्या बसायला लागल्या. रागाच्या टोल्याचं वाक्यसुद्धा कानावर येईना. दादीनं गोणपाट धुऊन भिंतीला टेकवून ठेवलं, गहू दुसरीकडं वाळवले. एक दिवस तीच मला म्हणाली, "गप ऱ्हातोय गं. ह्याच्यापरीस टोलं मारलेलं बरं."

मग काय झालं, क्वार्टरांमागं इंजिनात पाणी भरायच्या खांबाखाली सांडलेल्या पाण्यावर हरळी माजलेली, चारपाईएवढी. दौंडातलं तेवढंच हिरवं. भावजींनी ती विळ्यानं कापून, वरून लोखंडी रूळ फिरवून सारखी केली. मध्ये गल. आणि एका संध्याकाळी मला म्हणाले, "वैनी, आबांकडं बैलाची घुंगरं आसतील का?"

मी माहेरी निरोप धाडला. आबांनी घुंगरं दिली आणि उलट निरोप: बैल पोळ्याला मागतात, तुझ्या शेजाऱ्याला बारमाही लागतात का?

ती घुंगरं त्यांनी उजव्या बुटाला बांधली. पाय जरा थापटायला उचलला की छुम वाजायचं, आणि ते थांबायचे, काठी खाली ठेवायचे, खांबाला एक फेरी मारून परत पहिल्यापासून. पाणी भरायला थांबलेल्या इंजिनांचे फायरमन वरून ओरडायचे, "ओ टोलेवाले, तबलजी कुठाय?" दादी म्हणायची, "निकाह न्हाई केला, आता नाचून घर चालवणार." ते छुम आधी दिवसाला चाळीस वेळा ऐकू यायचं. मग दहा वेळा. मग एका आठवड्यात मी भाकऱ्या थापता थापता कान देऊन बसायची आणि काहीच ऐकू यायचं नाही.

पुढच्या वर्षी फोरमननं रजा देणार नाही म्हणून सांगितलं. आमच्या ह्यांनी त्यांची पाळी स्वतःवर घेतली आणि भावजी एकटेच पुण्याला गेले. ह्या वेळी तिसरे आले. पण डोंगरातल्या छावणीच्या मैदानाचे कोणी साहेब आले होते, त्यांनी ती बाभळीची लाकडी हातात घेऊन विचारलं, हे कुणी केलं? मूठ कुणी बांधली? भावजींनी मांडवगणचं आणि माझं नाव सांगितलं म्हणे. साहेब म्हणाले, शिकवाल? दुरुस्त्या कराल? आमच्याकडं गवत आहे, माणूस नाही.

असे ते गेले. पुढचं तुला ठाऊक आहे. निकाह, तू, तुझे भाऊ, दादीचं म्हातारपण तिथल्या थंडीत.

मला ठाऊक आहे ते एवढंच की त्यांच्या क्वार्टरमध्ये दुसरं कुटुंब आलं. एकदा चहा झाला आणि मी भावजींना बोलवायच्या सवयीनं भिंतीवर टकटक केली, तर ती नवी बाई घाबरून दारात, "काय झालं वो?" काय सांगणार तिला? दर ईदेला आणि दर दिवाळीला त्यांचं कार्ड यायचं. "दादा, वैनी, या एकदा. मैदान बघा." हे दोनदा जाऊन आले. मी नाही गेले. पोरं लहान, सासूबाई आजारी, मग ह्यांची रिटायरमेंट, मग शिरूरला घर. कारणं खूप होती आणि एकही खरं नव्हतं. त्या गवतावर ते उभे असणार आणि मी समोर जाणार, हे मला झेपत नव्हतं.

सगळे म्हणतात, खरं बोलला म्हणून माणूस मोठा झाला. आमचे हे जाईपर्यंत तेच सांगायचे, डोळे पुसून. मीही हो म्हणायचे. पण तुला म्हणून सांगते, त्या माणसाच्या पोरीला खोटं कसं सांगू? मला अजून वाटतं, त्या दिवशी त्यांनी माझं ऐकलं असतं तर बरं झालं असतं. पुण्याची जागा मिळाली असती. दौंडापासून दोन तास. सुट्टीच्या दिवशी गाडीनं आले असते, दादी जवळच राहिली असती, तू माझ्या अंगणात रांगली असतीस. त्यांचा पाय स्वच्छ राहिला, आणि माझी भिंत मुकी झाली. हे वाईट आहे, मला कळतं. ते असते तर एवढंच म्हणाले असते, "वैनी, चहा ठेवा." त्यांच्यासमोर कधी बोलले नाही, आणि आता बोलायला ते नाहीत.

म्हणून तू ये. नाशिकहून शिरूरला थेट एसटी आहे, उतरलीस की कुणालाही विचार, घर स्टँडजवळच आहे. मुलांच्या परीक्षा, घरातली कामं, हे मला सांगू नकोस, मीही तेच सांगत आयुष्य घालवलं. कार्ड पाठवू नकोस, फोन करू नकोस. ह्या महिन्यातच ये, आणि चांगली आठ दिवस राहा.